चोवीस फुटांचा उतार

आमच्या कागलातल्या गल्लीत दोन भाऊ राहतात. त्यांची नावं सांगत नाही. थोरला आणि धाकटा एवढंच पुरे आहे. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. आईवडील गेल्यावर थोरल्यानं शेत सांभाळलं आणि धाकट्याला शिकवलं. धाकटा शाळेत माझा विद्यार्थी होता, हाताचा हुशार. आयटीआय करून तो पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. एका पावसाळ्यात रात्रपाळी सुटल्यावर हायवेला त्याची मोटरसायकल घसरली आणि मणका मोडला. तीन महिन्यांनी दवाखान्यातून घरी आणला, तेव्हा कमरेखालचं अंग गेलेलं होतं. वय एकतीस.

थोरल्यानं त्याचं जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दवाखान्यासाठी दहा गुंठे रान विकलं आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. सोप्यात खिडकीजवळ खाट टाकली. पहाटे धारा काढून आला की आधी भावाचं सगळं उरकायचा. पुसणं, धुणं, कपडे बदलणं, न्याहारी. मग रानात. बारा वाजता पुन्हा घरी, कूस बदलायला. संध्याकाळी पुन्हा. ‘तू नुसतं पडून ऱ्हा, मी हाय न्हवं?’ हे त्याचं रोजचं वाक्य. गल्लीत त्याला श्रावणबाळ म्हणत. मीही म्हणत असे आणि सणावाराला त्या घरी पुरणपोळीचं ताट पाठवून आपलंही काही पुण्य झालं असं समजत असे.

एक गोष्ट मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. महिन्यातून एकदा चौकातले सलूनवाले काका घरी येऊन धाकट्याचे केस कापायचे. अपघाताआधी या पोराचे केस म्हणजे गल्लीचं कौतुक. मधोमध भांग, मागं मानेवर रुळणारे केस, खिशात कायम कंगवा. काका खाटेशी उभे राहायचे, कात्री काढायचे आणि थोरल्याकडं बघून विचारायचे, ‘कसं कापू?’ थोरला म्हणायचा, ‘बारीक करून टाका. घाम येतोय त्याला.’ बारीक केस व्हायचे. असं चार वर्षं चाललं. त्या चार वर्षांत डोकं ज्याचं होतं त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. सांगायची सवयच सुटली असावी. अंघोळ कधी, दिवा कधी मालवायचा, खिडकी उघडी ठेवायची की बंद, आल्यागेल्याला भेटायचं की नाही, सगळं ठरलेलं असे आणि ते दुसऱ्या कुणीतरी प्रेमानं ठरवलेलं असे.

दुसऱ्या वर्षी त्याला माकडहाडावर जखम झाली. मऊ गादीवर, एकाच अंगावर, तासन्‌तास. संवेदना नसलेल्या कातडीला दाब कळत नाही. रक्त पोचत नाही आणि आतून मांस कुजायला लागतं. पाच महिने ती जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी थोरल्याला सांगितलं, हातांत ताकद आहे त्याच्या, थोड्या थोड्या वेळानं त्याचं त्याला अंग उचलू द्या. थोरल्यानं मान हलवली. घरी आल्यावर गादीवर आणखी एक गादी घातली.

बदल झाला तो पुतणीमुळं. थोरल्याची लेक कॉलेजला जाऊ लागली होती. तिनं ग्रंथालयातून एक पुस्तक आणलं आणि काकाच्या उशाशी ठेवलं. ‘चाकाची खुर्ची’, लेखिका नसीमा हुरझुक. कोल्हापूर जिल्ह्यात हे नाव माहीत नसलेला माणूस विरळा, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्यावर तीच वेळ आल्यावर वाचणं वेगळं. ऐन सोळा-सतराव्या वर्षी या मुलीचं कमरेखालचं शरीर निकामी झालं. खाटेवर पडून मरणाची वाट बघण्यापर्यंत मन गेलं. मग बाबूकाका दिवाण भेटले. तसंच अपंगत्व, तीच चाकाची खुर्ची, आणि हा माणूस व्यवसाय सांभाळत होता, स्वतः मोटार चालवत होता. नसीमादीदींनी पुढं शिक्षण पुरं केलं, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली रजनी करकरे-देशपांडे, पी. डी. देशपांडे अशा सोबत्यांबरोबर कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उचगावचं ‘घरौंदा’ वसतिगृह, शाळा, चाकाच्या खुर्च्या बनवणारी कार्यशाळा, कुडाळ तालुक्यातल्या ‘स्वप्ननगरी’त काजू फोडणारे दिव्यांग हात, हे सगळं त्यातून आलं. मला त्या कामातलं सगळ्यात मोठं काय वाटतं सांगतो. बाबूकाकांनी नसीमादीदींचं काही ‘केलं’ नाही. ते फक्त त्यांच्यासमोर त्यांच्यासारखेच बसले.

धाकट्यानं दोन रात्रींत पुस्तक संपवलं. तिसऱ्या दिवशी थोरल्याला म्हणाला, ‘दादा, मला खुर्ची पायजे. आणि कोल्हापुरात जाऊन शिकून यायचं हाय.’

‘काय शिकायचं?’

‘बसायला.’

थोरला उठून परसात गेला. रात्री माझ्याकडं आला तेव्हा डोळे लाल होते. ‘सर, ह्यो आश्रमात जातो म्हणतोय. लोक काय म्हणतील? भावाला टाकला म्हणतील. माझं काय चुकलं सांगा.’ मी त्याची समजूत काढली, म्हणजे त्याचीच बाजू घेतली. धाकट्याला जाऊन म्हणालो, ‘एवढं करणारा भाऊ कुणाला मिळत नाही रे.’ त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, ‘सर, मला तिथं ऱ्हायचं न्हाई. शिकून हितंच ऱ्हायचंय. खरं माझ्या घरात ऱ्हायचंय, दादाच्या दवाखान्यात न्हाई.’

तो गेला. कोल्हापुरात काही आठवडे अशा माणसांत राहून आला, ज्यांची कंबर, पाय त्याच्यासारखेच होते. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर फळी लावून कसं सरकायचं, लघवीची नळी स्वतःच्या हातानं स्वच्छ कशी घालायची, दर पंधरा-वीस मिनिटांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन बूड कसं उचलायचं, आरसा धरून पाठीमागची कातडी रोज कशी तपासायची. लाजेनं कुणी बोलत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितो आहे. माणसाचा मान या अशा गोष्टींत असतो. त्या ज्या दिवशी स्वतःच्या हातात आल्या, त्या दिवशी धाकट्याचा आवाज बदलला.

घरी परत आला तो घराच्या तीन पायऱ्यांपाशी अडकला.

जुनं घर, दोन फूट उंच दगडी जोतं, वर सागवानी उंबरा. गल्ली लगेच कामाला लागली. गवंड्यानं पैसे घेतले नाहीत, वाळू कुणी दिली, सिमेंट कुणी. दोन दिवसांत पायऱ्यांवर सहा फुटांचा उतार उभा राहिला. नारळ फुटला. आणि धाकट्यानं खुर्ची लावली तर तिचं तोंड आभाळाकडं गेलं. चार पोरांनी मागून रेटली तेव्हा तो वर पोचला. उतरताना दोघांनी पुढून धरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा महिनाभर त्याला चौकात जायचं असलं की हाक मारावी लागे. पोरं शाळेला गेलेली असली तर वाट बघावी लागे. आणि परत यायचं असलं की पुन्हा हाक. आधी खाटेवर अडकलेला माणूस आता उताराच्या पायथ्याशी अडकू लागला, एवढाच फरक.

एक दिवस त्यानं गवंड्याला बोलावलं. कागदावर आकृती काढलेली होती. ‘मामा, एकास बारा पायजे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपलं जोतं दोन फूट, म्हंजे चोवीस फूट. वर दारापुढं पाच फूट सपाट, खुर्ची वळवायला. आणि कोबा घोटू नका, खरबरीत ठेवा. पावसात चाक घसरतंय.’

गवंड्यानं टेप लावला. दार घराच्या पार पलीकडच्या टोकाला. सपाट जागा सोडून घराच्या भिंतीलगत चौदा फूट मिळत होते. उरलेले दहा फूट? गवंड्यानं टेपचं टोक धरून वर बघितलं. टेप माझ्या कट्ट्यावर आला होता.

तो कट्टा माझ्या वडिलांनी बांधलेला. रोज संध्याकाळी मी तिथं पेपर घेऊन बसतो. कोपऱ्यात तुळस. आमच्याकडं बांधाच्या विती-विती जागेवरून भावाभावांच्या पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत. जागेचं प्रेम काय असतं ते कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. धाकट्यानं मला विचारलं, सरळ विचारलं, हात न जोडता. ‘सर, कट्टा काढावा लागंल. तुमची जागा हाय. न्हाई म्हणायचं असंल तर म्हणा.’

मी म्हणालो, ‘बघू.’

आठ दिवस मी बघत होतो. आठ दिवस पुरणपोळी, खीर, काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. मग पटलं की आजवर मी त्याला जे दिलं होतं, ते सगळं माझ्याकडं उरलेलं होतं. मी शिक्षक. दर वर्षी २६ जूनला मुलांसमोर उभा राहून सांगत आलो, की आपल्या कागलच्या घाटग्यांच्या घरातला मुलगा कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. गंगाराम कांबळ्यांची गोष्टही सांगायचो. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या त्या माणसाला महाराजांनी नुसती भिक्षा दिली नाही. चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः तिथं थांबून, सगळ्यांदेखत चहा घेतला. तीस वर्षं ही गोष्ट सांगितली आणि ती माझ्या कट्ट्यापाशी येऊन थांबली.

नवव्या दिवशी बायकोनं तुळस उचलून परसात नेली. मला म्हणाली, ‘मी सांगून आलो गवंड्याला. उद्या फोडायला या म्हटलं. तुमाला बसायला खुर्ची हाय की घरात. त्याला नुसती खुर्ची हाय, रस्ता न्हाई.’

कट्टा फुटला. पाण्याची लेव्हल लावून चोवीस फुटांचा उतार झाला, एका बाजूला लोखंडी कठडा. उंबऱ्याचा प्रश्न होता. दसऱ्याला तोरण, रोज हळदकुंकू, लक्ष्मीची जागा. तो कापायचा कसा? धाकट्याच्या वहिनींनी सुताराला सांगितलं, ‘चाक जाईल एवढा कापा, दोन्हीकडं थोडा थोडा ऱ्हाऊ दे.’ आता त्या दोन्ही तुकड्यांना हळदकुंकू लावतात आणि मधून खुर्ची जाते.

पहिल्यांदा तो एकटा उतरला तेव्हा आम्ही सगळे बाहेर उभे होतो. एकाही पोराला त्यानं हात लावू दिला नाही. तळाशी थांबला, खुर्ची वळवली आणि परत वर गेला. मग पुन्हा खाली. सात वेळा. आठव्या वेळी खाली येऊन चौकाकडं गेला, कुणाला न सांगता. थोरला पाठोपाठ निघाला तेव्हा वहिनींनी त्याचा सदरा धरला.

खरं भांडण पुढंच होतं. एका छोट्या वर्कशॉपनं धाकट्याला काम दिलं. टेम्पोतून क्रेट यायचे, त्यातल्या जॉबची भोकं गेज घालून तपासायची, खराब माल बाजूला काढायचा. डोळा आणि हात जुनेच होते. पहिले पैसे हातात आल्यावर त्यानं गल्लीतलाच एक तरुण सकाळी तासभरासाठी पगारावर ठेवला. अंघोळीच्या खुर्चीवर बसवणं, पाठ बघणं, चादर बदलणं, एवढंच काम. थोरल्याला हे कळलं आणि तो बांध फुटावा तसा फुटला.

‘मी मेलो काय? सख्खा भाऊ असताना पैसं देऊन माणूस आणतोस? काय कमी केलं मी?’

आवाज माझ्या भिंतीतून ऐकू येत होता. मग धाकट्याचा आवाज आला, शांत. ‘दादा, तू काय बी कमी केलं न्हाईस. खरं तुला मी उद्या उशिरा ये म्हणू शकत न्हाई. त्याला म्हणू शकतो. तू जोरात घासलंस तर मी गप बसतो. त्यानं घासलं तर सांगतो. तुझं उपकार फिटत न्हाईत, त्याचं महिन्याला फिटतात. मला तू भाऊ म्हणून पायजेस रं. चार वरसं झाली, भाऊ गावलाच न्हाई मला.’

त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

आपल्या मदतीचं आपण ठरवायचं, हे त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं पुतणीनं शोधून सांगितलं, की अमेरिकेत बर्कली शहरात एड रॉबर्ट्स नावाचा पोलिओनं मानेखाली लुळा झालेला माणूस होता. श्वासासाठीही त्याला यंत्र लागायचं. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी १९७२ साली स्वतंत्र जगण्यासाठी केंद्र काढलं, जे दिव्यांगांनीच चालवायचं. ज्याला स्वतः पाणी पिता येत नाही तो माणूस स्वतंत्र कसा, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘पाणी कधी प्यायचं ते तो ठरवतो की आजोबा.’ आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात हेच आहे. दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुक ठिकाणीच राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये आणि घरातल्या मदतीपासून वैयक्तिक मदतनीसापर्यंतच्या सेवा त्याला मिळाव्यात यासाठी सरकारनं प्रयत्न करायचा आहे. गावोगावच्या स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा आपल्या राज्याचा नियमही आहे. धाकटा आता आसपासच्या गावांतल्या माणसांना ओळखपत्राचे, निधीचे अर्ज भरून देतो. सांगावमध्ये एका घरी तो स्वतः गेला होता, तीनचाकी स्कूटरवरून. तिथं एक बाई अकरा वर्षं खाटेवर होती. तो तिच्यासमोर खुर्चीत बसला. दोन तास बसला. काय बोलले ते विचारलं नाही मी.

त्या भांडणानंतर थोरला आठ दिवस भावाशी बोलला नाही. रोज धार काढून यायचा, त्या तरुणाला आत जाताना बघायचा आणि अंगणात बसून राहायचा. इतक्या वर्षांत त्या वेळी त्याला काही काम नव्हतं असं झालंच नव्हतं. मग एका सकाळी, पावसाची भुरभुर सुरू होती, धाकटा चौकातून येत होता. उतार ओला. निम्म्यावर चाक जरा अडलं. थोरला पायथ्याशी होता. मी खिडकीत. त्याचे दोन्ही हात खुर्चीकडं गेले आणि हवेतच थांबले.

‘लावू काय हात?’

धाकट्यानं मागं वळून न बघता सांगितलं, ‘नको. जमतंय.’ आणि दोन दम खाऊन वर गेला. दाराशी पोचल्यावर म्हणाला, ‘च्या घ्यायला ये की आत. भिजतोयस कशाला?’

त्यानंतर कधी ‘नको’ असतं, कधी ‘लाव’ असतं. हात दोन्ही वेळा तिथंच असतात.

माझा कट्टा गेला, तरी संध्याकाळी मी बाहेरच असतो. उताराच्या कठड्याला टेकून उभं राहता येतं. पलीकडच्या म्हातारीला गुडघ्यांमुळं पायऱ्या जमत नव्हत्या, ती उतारावरून येऊन वहिनींशी बोलत बसते. बाळंतीण लेक माहेरी आली तर बाबागाडी तिथूनच जाते. गवंडी मामा परवा दुसऱ्या गल्लीत नवीन घराच्या पायाचं काम करत होते, तेव्हा मालकाला विचारत होते, ‘पायऱ्या करायच्या का एकास बारा सोडायचं?’

मागच्या रविवारी मी दाढी करायला चौकातल्या सलूनमध्ये बसलो होतो. थोरलाही होता, पुढच्या नंबरावर. दारात एक पायरी आहे, जेमतेम चार बोटं उंच. काकांनी तिच्यावर कधीतरी एक जाड फळी ठोकून ठेवली आहे. धाकटा आत आला, आरशासमोर खुर्चीतच थांबला, ब्रेक लावले. काकांनी त्याच्या गळ्यात फडकं बांधलं, कात्री उचलली आणि सवयीनं थोरल्याकडं बघितलं. थोरल्याचं तोंड उघडलं. मग त्यानं ते मिटलं आणि समोर पडलेला पेपर उचलला.

काका आरशाकडं वळले. ‘कसं कापू?’

धाकट्यानं आरशात स्वतःकडं बराच वेळ बघितलं. दर पंधरा मिनिटांची सवय म्हणून हातांवर जोर देऊन अंग थोडं वर उचललं, पुन्हा टेकलं.

‘मागं लांब ऱ्हाऊ दे,’ तो म्हणाला. ‘भांग मधी पाडा.’